क्लच झीज, मोटारसायकलची

मोटारसायकलच्या क्लचमधील घर्षण पट्ट्या (व्यवहारात क्लच प्लेटा) झिजून एंजिनाची पूर्ण ताकद गिअरपेटीकडे पोचेनाशी होते, ती अवस्था. ही अवस्था ओळखणे आणि तिच्यासारखेच दिसणारे इतर बिघाड तिच्यापासून निराळे काढणे, एवढाच या नोंदीचा विषय आहे. भारतातील बहुतेक गिअरच्या मोटारसायकलींत तेलात फिरणारा (ओला) बहुपट्टी क्लच असतो, म्हणजे त्यात घर्षण पट्ट्या व पोलादी पट्ट्या आळीपाळीने रचलेल्या असतात. पुढील विवेचन त्याला धरून आहे. क्लच दाबला की जोड सुटते आणि सोडला की लागते, यापलीकडे त्याच्या सामान्य कार्याचे वर्णन येथे केलेले नाही.

इतिहास : क्लचचे मूळ कोणते, यावर एकमत नाही. डाइमलर व मायबाख यांच्या १८८५ च्या दुचाकीत पट्टा ताणणारी कप्पी होती. पट्टा सैल केला की चाक एंजिनापासून सुटे, म्हणून काही लेखक तिलाच पहिला क्लच मानतात. मात्र १८९४ पासून विक्रीस आलेल्या हिल्डेब्रांट व व्होल्फम्यूलर यांच्या मोटारसायकलीत एंजिनाचे दांडे थेट मागच्या चाकाला जोडलेले होते व क्लच मुळीच नव्हता. त्यामुळे ही परंपरा सलग नाही. बहुपट्टी क्लचचे श्रेय सामान्यतः हेन्री सेल्बी हेल-शॉ (१८५४–१९४१) या इंग्लिश अभियंत्याला दिले जाते. त्याची रचना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील आहे. तिच्या पट्ट्या तेलात फिरत, परंतु त्या सपाट नसून त्यांवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी गोल खाच उठवलेली असे. आजच्या सपाट पट्टीचा जवळचा पूर्वज म्हणून, पुढे ब्रिटिश मोटारसायकलींत रूढ झालेल्या, बुचाचे (कॉर्कचे) तुकडे बसवलेल्या पट्टीकडे बोट दाखवणे अधिक सयुक्तिक वाटते. कॉर्कची जागा नंतर रेझिनमध्ये भिजवलेल्या कागदी तंतूंच्या अस्तराने घेतली.

झीज व पकड यांचा संबंध : क्लच किती पीळ (टॉर्क) पेलू शकतो, हे चार गोष्टींवर ठरते : घर्षण पृष्ठांची संख्या, घर्षणांक, स्प्रिंगांचा दाब आणि पट्टीची सरासरी त्रिज्या. झिजेमुळे यांतील पहिली व चौथी बदलत नाही. अस्तर पातळ झाले म्हणून पकड जाते, ही समजूत अर्धीच खरी आहे. पट्ट्यांची चळत पातळ झाली की तिच्यावर टेकलेल्या स्प्रिंगा तेवढ्या सैल होतात आणि पकड जाते ती मुख्यतः त्यामुळे. समजा, पाच घर्षण पट्ट्यांपैकी प्रत्येक ०·३ मिमी. झिजली, तर चळत १·५ मिमी.ने आखडते. स्प्रिंगा मुळात १० मिमी. दाबून बसवलेल्या असतील, तर दाब १५ टक्क्यांनी उतरला. रचना करताना क्लचला एंजिनाच्या कमाल पिळापेक्षा बरीच जास्त क्षमता दिलेली असते. म्हणून झीज पुष्कळ काळ जाणवत नाही, आणि राखीव क्षमता संपली की मात्र थोड्याच दिवसांत क्लच स्लिप होऊ लागतो, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर घसरू लागतात. स्लिप होताना उष्णता निर्माण होते, उष्णतेने अस्तर काचेसारखे गुळगुळीत होते, स्प्रिंगा मऊ पडतात आणि स्लिप आणखी वाढते. २० न्यूटन-मीटर पीळ पेलताना पट्ट्यांच्या वेगात मिनिटाला १,५०० फेऱ्यांचा फरक पडला, तर सुमारे ३ किलोवॅट शक्ती निव्वळ उष्णता होऊन तेलात जाते. ‘हाफ क्लच’वर (लिव्हर अर्धवट दाबून) गाडी चालवणाऱ्याच्या प्लेटा लवकर का जातात, ते यावरून समजावे.

लक्षणे : थ्रॉटल दिला की एंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने पळत नाही. गॅरेजात गिऱ्हाईक ‘गाडी नुसती ओरडते, ओढत नाही’ असे सांगतो, ते हेच. हे प्रथम वरच्या गिअरमध्ये आणि चढावर दिसते. खालच्या गिअरमध्ये गाडी झपाट्याने वेग घेते, त्यामुळे क्लचवर कमाल पीळ क्षणभरच येतो. वरच्या गिअरमध्ये तो टिकून राहतो. म्हणून चाचणीसाठी सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी शेवटच्या गिअरमध्ये कमी वेगाने चालवावी आणि थ्रॉटल एकदम पूर्ण उघडावा. आवाज आणि वेग बरोबरीने वाढले, तर क्लच शाबूत आहे. अनेक साध्या गाड्यांना एंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा नसतो. तेथे कानावरच भिस्त ठेवावी लागते.

कोल्हापुरात शिरोलीकडच्या सपाट महामार्गावर निर्दोष वाटणारी गाडी जोतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या (उंची सु. ९७७ मी.) चढावर दोष उघड करते, विशेषतः मागे माणूस आणि पुढे पोरगे असेल तेव्हा. कोकणात उतरणारे करूळ, फोंडा व आंबा हे घाट कोल्हापूरकडून जाताना उताराचे आहेत. त्यामुळे क्लचची खरी परीक्षा परतीच्या वाटेवर, बहुधा सामान लादलेले असताना होते. जाताना गाडी ठीक होती, यावरून म्हणूनच काही सिद्ध होत नाही. पहाटे दूध संस्थेकडे दोन्ही बाजूंना कॅन लटकवून जाणाऱ्या आणि उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे रखडणाऱ्या गाड्यांचा क्लचही इतरांपेक्षा आधी संपतो. अमुक हजार किलोमीटरला प्लेटा बदलाव्यात, असा सरसकट आकडा सांगणे त्यामुळे व्यर्थ आहे.

लिव्हरचा प्ले : लिव्हरच्या टोकाशी साधारणपणे १० ते २० मिमी. मोकळी हालचाल हवी. केबल ताणली गेली की हा प्ले वाढतो. प्लेटा झिजल्या की उलट कमी होतो. काही न करता प्ले आपोआप नाहीसा होत असेल, तर ती झिजेची सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित खूण होय. प्ले शून्य झाला की लिव्हर सोडलेला असतानाही क्लच किंचित दाबलेला राहतो आणि चांगल्या प्लेटाही स्लिप होऊ लागतात. म्हणून एंजिन उघडण्यापूर्वी ॲडजस्टर (केबलचा प्ले कमीजास्त करणारा स्क्रू) फिरवून पाहणे हा नियम समजावा. ॲडजस्टर संपला असेल, तर प्रश्न आतला आहे.

याच्या उलट, क्लच दाबूनही गाडी पुढे सरकते, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, गिअर टाकताना खाडकन आवाज येतो. याला ड्रॅग म्हणतात. त्याचे कारण सहसा झीज नसते. सैल केबल, वाकलेल्या पोलादी पट्ट्या किंवा क्लच बास्केटच्या (पट्ट्या ज्यात बसतात त्या भांड्याच्या) बोटांवर पडलेल्या खाचा हे असते. या खाचांवरून नख फिरवले की ते अडकते. खाच उथळ असेल तर कानस मारून सपाट करतात. खोल असेल तर बास्केट बदलणेच बरे, कारण फार कानसल्यास पट्टी बोटांमध्ये सैल खेळते व खडखडते.

तेल : मोटारसायकलच्या तेलासाठी १९९८ मध्ये जपानी जासो टी ९०३ हे मानक आले. त्यात जास्त घर्षणाचे एमए आणि कमी घर्षणाचे एमबी असे वर्ग आहेत. २००६ च्या आवृत्तीत एमएचे एमए१ व एमए२ असे भाग पडले. ओल्या क्लचला एमए वर्गातील तेल हवे. मोटारगाडीचे तेल घातले की क्लच स्लिप होतोच, असे एक मत आहे. घर्षण घटवणारी द्रव्ये नसलेले जाड तेल चालून जाते, असे दुसरे. दोन्हींना अनुभवाचा आधार असला, तरी डब्यावर एमए लिहिलेले नसेल तर ते न घेणे हा मार्ग सुरक्षित आहे. तेल बदलल्यानंतर लगेच स्लिप सुरू झाली असेल, तर प्लेटांआधी तेलावर संशय घ्यावा. जुन्या ओतीव लोखंडी एंजिनाच्या बुलेटमध्ये क्लच प्रायमरी चेनच्या (एंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या साखळीच्या) पेटीत असतो व त्या पेटीचे तेल वेगळे असते. तेथे तेल चुकीचे किंवा जास्त झाल्यासही हाच परिणाम होतो.

पंचगंगेच्या २०१९ व २०२१ च्या पुरांसारख्या प्रसंगी पाण्याखाली गेलेल्या गाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. एंजिनात पाणी शिरले की तेल दुधाळ होते, अस्तर फुगते वा पोलादापासून सुटते आणि पोलादी पट्ट्या गंजतात. अशा गाडीचे तेल दोन-तीनदा बदलूनही स्लिप राहिली, तर क्लच उघडण्याला पर्याय नाही.

मोजमाप : अखेरचा निर्णय मापाने करावा. घर्षण पट्टीची जाडी व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी मोजतात. सुमारे ३ मिमी.च्या नव्या पट्टीची मर्यादा अनेक गाड्यांत २·६ मिमी.च्या आसपास असते. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतून घ्यावा. पोलादी पट्टी जाड काचेवर ठेवून खाली फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचे मापक) सरकवतात, ०·२ मिमी.चे पाते सहज गेले, तर ती बहुधा बाद. निळसर-जांभळे डाग ती तापल्याचे दाखवतात. स्प्रिंगांची मोकळी लांबीही मोजावी. हे काम घाईत हमखास राहून जाते. जळका वास आणि तेलातला काळा बारीक चुरा ही पूरक लक्षणे आहेत, पुरावा नव्हे.

पोलादी पट्ट्याही सोबत बदलाव्यात काय, याबद्दल मतभेद आहे. सपाट व डागरहित पट्टी पुन्हा वापरण्यास हरकत दिसत नाही. स्प्रिंगा मात्र नव्या घालणे श्रेयस्कर. स्प्रिंगखाली वॉशर घालून दाब वाढवण्याची युक्ती घरापर्यंत पोचण्यापुरती ठीक आहे. तिने लिव्हर जड होतो, केबलवर ताण येतो आणि झिजलेली पट्टी झिजलेलीच राहते. नव्या पट्ट्या बसवण्यापूर्वी काही तास एंजिन तेलात भिजवतात. कोरड्या बसवल्यास त्या पहिल्याच दिवशी करपण्याचा धोका असतो.

गिअरलेस स्कूटरमधील केंद्रोत्सारी (फेऱ्या वाढल्या की आपोआप पकडणारा) क्लच कोरडा असतो आणि त्याला लिव्हर नसतो. निघताना थरथर, कर्कश आवाज आणि चढावर उशिरा पकड ही त्याच्या झिजेची मुख्य लक्षणे होत. पट्टा व रोलर झिजल्यानेही यांसारखी लक्षणे दिसत असल्याने तिन्ही एकत्रच तपासतात.