ग्रुप की ब्रॉडकास्ट लिस्ट? दुकानाच्या व्हॉट्सॲपवरचा नेहमीचा घोळ

सांगलीचे मार्केट यार्ड असो की साताऱ्याचा मोती चौक, दुकानाचे व्हॉट्सॲप सुरू झाले की आठवड्याभरात ग्रुप निघतोच. नावात 'खास ग्राहक', आत फोनमधले सापडतील तेवढे नंबर, आणि पहिला मेसेज सणाच्या शुभेच्छांचा. यातल्या बहुतेक दुकानदारांना ग्रुप नकोच असतो, त्यांना हवी असते ब्रॉडकास्ट लिस्ट. दोन्हींत एक मेसेज एकाच वेळी अनेकांना जातो, आणि तेवढ्या साम्यावर सगळी गल्लत होते.

ग्रुपमध्ये सगळे सगळ्यांना दिसतात. कोण आहे, त्याचा नंबर काय, तो काय बोलला, सगळे उघड. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये तुम्ही मेसेज एकदा लिहिता आणि तो प्रत्येकाच्या चॅटमध्ये स्वतंत्र जाऊन पडतो. लिस्टमध्ये आणखी कोण आहे याचा त्याला पत्ता नसतो, आणि त्याने उत्तर दिले तर ते फक्त तुम्हाला दिसते. ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात, एका लिस्टमध्ये २५६. पण आकड्यावरून निवड करू नका. गिऱ्हाइकांना एकमेकांशी बोलण्यासारखे काही आहे का, ते आधी बघा.

हळद-चटणीचा घरगुती धंदा घ्या. चैत्र-वैशाखात घरोघरी वर्षाची चटणी होते, हळदही वर्षाची भरली जाते. नवी राजापुरी हळद दळून तयार झाली की तुम्ही ग्रुपवर भाव टाकता. पहिली ताई विचारते, "पाच किलो घेतली तर किती कमी?" तुम्ही किलोला दहा रुपये सोडता. हे दीडशे जणांनी वाचलेले असते, त्यामुळे अर्धा किलो नेणाराही आता दहा रुपये मागतो. कोणीतरी मागच्या वर्षीची हळद फिकी होती म्हणून लिहितो, खाली दोघे अंगठे देतात. तोवर तिसऱ्याने लग्नाची पत्रिका टाकलेली असते आणि वर आलेल्या दोन ऑर्डरी तुमच्या नजरेतून सुटतात. यात गिऱ्हाइकाची चूक काही नाही. दहा जणांत बोलायची सोय तुम्हीच करून दिलीत.

हाच मेसेज ब्रॉडकास्टने असा जावा: "नमस्कार, नवी राजापुरी हळद दळून तयार आहे. अर्धा आणि एक किलोची पाकिटे. हवी असल्यास फक्त किती किलो ते लिहा. नको असल्यास 'बंद' लिहा, पुन्हा मेसेज येणार नाही." उत्तरात नुसता आकडा येतो, ऑर्डर वहीत उतरते, भावाची घासाघीस ज्याची त्याच्यापुरती राहते. 'बंद'ची ओळ गाळू नका. कंटाळलेला माणूस 'बंद' लिहू शकला नाही तर ब्लॉक करतो किंवा रिपोर्ट, आणि असे रिपोर्ट साठले की नंबरच बंद पडू शकतो.

ब्रॉडकास्टची खरी अडचण वेगळी आहे, आणि ती न कळल्याने अनेक जण 'याचा काही उपयोग नाही' म्हणत परत ग्रुपकडे वळतात. ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे, त्यालाच ब्रॉडकास्ट पोचतो. तुम्ही त्याचा नंबर सेव्ह केलात हे पुरेसे नाही. मेसेज गेला नाही अशी वेगळी सूचनाही तुम्हाला मिळत नाही. पाठवलेला मेसेज दाबून धरून माहिती उघडा. कोणाला पोचला आणि कोणी वाचला याची यादी दिसते. दोन-तीन मेसेजनंतरही जी नावे 'पोचला'मध्ये येत नाहीत, त्यांच्याकडे नंबर सेव्ह नाही असे धरायला हरकत नाही. आणखी एक नेहमीची भानगड: पिशवीवर छापलेला नंबर मालकाचा, लिस्ट मात्र काउंटरवरच्या फोनमधली. गिऱ्हाइकाने इमानाने सेव्ह केलेला असतो, पण दुसराच नंबर.

नंबर सेव्ह व्हायचा तर बिल करतानाच. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये दुकानाचा क्यूआर कोड तयार मिळतो. तो छापून काउंटरवर लावा, पैसे घेण्याच्या क्यूआरपासून हातभर लांब, नाहीतर लोक हळदीच्या पैशांसाठी तोच स्कॅन करत बसतील. स्कॅन केल्यावर गिऱ्हाइकाकडून 'हळद' एवढा शब्द येऊ द्या, आणि तो समोर उभा असतानाच त्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह करून घ्या. मेसेज त्याच्याकडून आला म्हणजे चॅट त्यानेच उघडली, नंतर 'माझा नंबर कुठून मिळाला?' हा प्रश्न येत नाही. नव्या गिऱ्हाइकाला लगेच लेबल लावा: 'वर्षाची हळद', 'हॉटेल', 'पुणे पार्सल'. लेबलाप्रमाणे लिस्ट केली की पुण्याच्या माणसाला 'आज दुकान दुपारी बंद' असला मेसेज जात नाही. नावे-नंबर वहीतही ठेवा, फोन पाण्यात पडतोच कधीतरी.

मग ग्रुप कशाला? तासगावच्या द्राक्षभागातले कृषी सेवा केंद्र बघा. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डावणी या बुरशीच्या रोगाची धास्ती एकाच वेळी सगळ्या द्राक्षबागांना. एका गावात पानावर डाग दिसला तर शेजारच्या गावाला ते आजच कळायला हवे. इथे एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कामाचे आहे, म्हणून ग्रुपच हवा. फक्त फोटो टाकायचा नियम पक्का करा: पान दोन्ही बाजूंनी, सोबत वाण, छाटणीपासून किती दिवस झाले, शेवटची फवारणी कशाची आणि कधी. वरून तेलकट पिवळा डाग आणि त्याच जागी खालून पांढरी बुरशी असेल तर डावणी. वरच्या बाजूला राखेसारखा थर दिसला तर भुरी, म्हणजे दुसराच रोग. नुसत्या वरच्या फोटोवर सल्ला दिला की घोटाळा झालाच. दुसरा धोका औषधाच्या प्रमाणाचा: एक जण लिटरला सांगतो, दुसरा दोनशे लिटरच्या टाकीला समजतो. असा मेसेज दिसताच ॲडमिनने तो सगळ्यांसाठी डिलीट करून खाली नीट प्रमाण लिहावे. ॲडमिनला तो अधिकार असतो. सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. पण चुकीच्या डोसाने बाग करपली तर शेतकरी निकालपत्र वाचत बसणार नाही, तो दुकानात येणार.

ग्रुप कोणाच्या नंबरावरून काढला, हेही तितकेच महत्त्वाचे. ज्याने ग्रुप काढला त्याला दुसरा ॲडमिन काढून टाकू शकत नाही. दुकानातल्या पोराने स्वतःच्या फोनवरून काढलेला ग्रुप त्याने नोकरी सोडली तरी त्याचाच राहतो, आणि तो समोरच्या दुकानात लागला तर पुढचे सांगायला नको. ग्रुप दुकानाच्याच नंबरावरून काढा.

'फक्त ॲडमिन मेसेज पाठवतील' ही सेटिंग लावून मधला मार्ग काढणारे पुष्कळ आहेत. आमच्या मते हा सगळ्यात वाईट पर्याय. बोलणे बंद होते, नंबर मात्र सगळ्यांना दिसतच राहतात. त्या यादीतून नंबर उचलून, डीपीला तुमच्याच दुकानाचा बोर्ड लावून 'या क्यूआरवर पैसे पाठवा' म्हणणारा भामटा यायला वेळ लागत नाही. एकतर्फीच बोलायचे आणि लोक हजारांत असतील तर व्हॉट्सॲपवरच चॅनेल काढा. फॉलोअरला एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. मात्र चॅनेलचे मेसेज चॅटच्या यादीत येत नाहीत, अपडेट्सच्या टॅबमध्ये पडून राहतात. आज संपणाऱ्या मालासाठी ते कुचकामी.

दहा हजार मेसेज एका क्लिकवर पाठवणारे सॉफ्टवेअर विकायला येतात, त्यांना दारातूनच परत पाठवा. असा वापर व्हॉट्सॲपच्या नियमांत बसत नाही, आणि बंद होतो तो तुमचा नंबर, त्यांचा नाही.

ग्रुप आधीच काढून बसला असाल तर तो असा मोडा. 'यापुढे भाव वैयक्तिक येतील, हा नंबर सेव्ह करून "हो" लिहा' असा मेसेज सात दिवस पिन करा. 'हो' वैयक्तिक चॅटमध्ये मागा, ग्रुपवर नको. ज्यांचे आले त्यांची लिस्ट करा, उरलेल्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन करा. मग आधी एकेक सदस्य काढा आणि शेवटी स्वतः बाहेर पडा. घाईने आधी स्वतःच निघालात आणि दुसरा ॲडमिन नसला, तर व्हॉट्सॲप उरलेल्यांतून कोणालाही ॲडमिन करते, आणि दुकानाच्या नावाचा ग्रुप एखाद्या गिऱ्हाइकाच्या हातात जातो.