तंबोऱ्याची जवारी आणि गाडीतले चौदा व्होल्ट

तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, नेमकी किती घासायची, हे मिरजेच्या कारागिरांचे हात जाणतात. घोडीला दिलेला हा बारीक उतार म्हणजे जवारी; ती बरोबर लागली की तार छेडल्यावर मूळ सुराबरोबर वरच्या स्वरांची रांग उठते. २०२४ साली इथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच कसबामुळे. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाचा, म्हणजे सर्वांत खालच्या तारेचा, मूळ सूर साधारण ६९ हर्ट्झचा. गाडीच्या दारातल्या सहा इंची स्पीकरला तो धड पेलत नाही, तरी आपल्याला खर्ज ओळखू येतो, कारण कान वरच्या स्वरांवरून खालचा सूर ताडतो. म्हणजे ते वरचे स्वर बिघडले की सगळंच बिघडलं. कंपनी फिटिंग स्टिरिओचा आवाज वाढवल्यावर नेमकं तेच होतं.

इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४ व्होल्ट मिळतात. स्टिरिओतली चिप त्यापलीकडे लहर उचलू शकत नाही. ४ ओमच्या स्पीकरला त्यातून शुद्ध लहरीचे फार तर २५ वॅट, प्रत्यक्षात १५ ते २० मिळतात. खोक्यावर छापलेले '५० वॅट गुणिले ४' हे लहरीचे माथे पार सपाट झाल्यावरचं माप असतं. माथा कापला गेला की मूळ आवाजात नसलेली कंपनं तयार होतात आणि जवारीच्या स्वरांत मिसळतात. म्हणून वेगळा अ‍ॅम्प (म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर) घ्यावा तो लहर अखंड राहावी यासाठी, असं माझं ठाम मत आहे. नुसता आवाज दुप्पट जाणवायलासुद्धा जवळजवळ दहापट वॅट लागतात. दमदार अ‍ॅम्प आधी आतल्या कन्व्हर्टरने १४ व्होल्टचे अधिक-उणे २५-३० व्होल्ट करून घेतो, त्यामुळे लहरीला जागा मिळते.

आता त्याला सिग्नल द्यायचा कुठून? कंपनीच्या स्टिरिओला मागे बहुधा आरसीए जॅक, म्हणजे बाहेर सिग्नल देणारी भोकं, नसतात, स्पीकरच्या वायरी तेवढ्या असतात. इथे सर्वांत जास्त काळजी हवी. स्पीकरच्या दोन वायरींपैकी एक अर्थिंगची असणार, असं समजून कुणी ती बॉडीला जोडली, तर चिप जळू शकते. या स्टिरिओत दोन्ही वायरी बॅटरीच्या निम्म्या, म्हणजे सहा-सात व्होल्टवर असतात आणि एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते. स्पीकरला कळतो तो दोहोंमधला फरक. अ‍ॅम्पच्या स्पीकरच्या वायरी थेट घेणाऱ्या हाय-लेव्हल इनपुटला हाच फरक वाचता येतो; ती सोय नसेल तर मध्ये तो सिग्नल लहान करणारा हाय-टू-लो कन्व्हर्टर लावतात. काही अ‍ॅम्प तेच सहा-सात व्होल्ट ओळखून आपोआप सुरू होतात. नाहीतर किल्लीबरोबर चालू होणाऱ्या लाइनवरून त्याला सुरू करणारी रिमोट वायर घ्यावी लागते. कंपनीची वायरिंग कापण्यापेक्षा त्या गाडीचा कपलर (मूळ प्लगमध्ये बसणारा जोड) मिळत असेल तर तोच घ्यावा.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून काही गाड्यांचे स्टिरिओ आवाज वाढेल तसा बास स्वतःच कमी करतात. मग अ‍ॅम्प कितीही चांगला असो, डग्ग्याचा घुमार त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

वीज मात्र थेट बॅटरीवरून आणायची. खरोखर ४०० वॅट देणारा क्लास-डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या जातीचा) अ‍ॅम्प भरात ३६ अँपिअरच्या आसपास ओढतो. पाच मीटर आठ गेज तांब्याच्या तारेत त्यामुळे जवळपास ०.४ व्होल्ट वाया जातात, त्याहून जाड असलेल्या चार गेजच्या तारेत ०.१५. स्वस्त तार बहुतेकदा तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असते; तिच्यात तूट दीडपट. फ्यूज बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत हवा. तो अ‍ॅम्पसाठी नसून तारेसाठी असतो, कारण तार पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर आग लागते. अर्थिंगसाठी रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट आवळावा. अर्थिंग कच्चं राहिलं तर इंजिनावर चालून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरची शिट्टी गाण्यात शिरते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबाल तशी चढत जाते.

शेवटी गेन. तो आवाजाचा खटका नव्हे. स्टिरिओकडून येणाऱ्या व्होल्टेजशी अ‍ॅम्पचा मेळ घालण्यासाठी तो असतो. इक्वलायझर सपाट ठेवून स्टिरिओ पाऊण आवाजावर न्यावा, गेन शून्यापासून हळूहळू वाढवावा आणि पहिली खरखर ऐकू येताच थोडा मागे घेऊन तिथेच सोडावा.