साध्या टूथब्रशचे गणित

टूथब्रश विकत घेताना आपली नजर दांड्याचा रंग, रबरी पकड, नागमोडी कापलेले केस आणि मागे बसवलेली खडबडीत पट्टी यांवर जाते. ब्रशचे काम मात्र मुख्यतः एका केसाची जाडी किती आणि त्याचे टोक कसे, या दोन गोष्टींवर ठरते. या कसोटीवर सरळ दांड्याचा, लहान डोक्याचा, एकसारख्या उंचीच्या मऊ केसांचा स्वस्त ब्रश कोठेही उणा पडत नाही, आणि माझ्या घरात सर्वांसाठी तोच येतो.

अशा ब्रशचे मोजमाप १९४८ मध्ये चार्ल्स सी. बास यांनी बारकाईने मांडले. बास दंतवैद्य नव्हते. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात ते वैद्यक शाखेचे अधिष्ठाता होते, आणि मलेरियाचे परजीवी शरीराबाहेर वाढवून दाखवल्याचे १९१२ मधील काम त्यांच्या नावावर आहे. निवृत्तीनंतर ते सूक्ष्मदर्शक घेऊन दातांकडे वळले. त्यांनी सांगितलेल्या ब्रशला झुपक्यांच्या तीन ओळी, प्रत्येक ओळीत सहा झुपके, झुपक्यात ऐंशीच्या आसपास केस आणि प्रत्येक केसाची जाडी ०.००७ इंच, म्हणजे सुमारे ०.१८ मिलिमीटर होती. टोके गोलसर घासलेली असावीत, हाही त्यांचा आग्रह होता.

इतका बारीक केस कशासाठी? दात आणि हिरडी जेथे भेटतात तेथे एक अरुंद खाच असते, निरोगी हिरडीत साधारण एक ते तीन मिलिमीटर खोल. जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, तेथे साचतो. हिरड्या सुजण्याची आणि त्यांतून रक्त येण्याची सुरुवात बहुधा येथूनच होते, आणि थर तसाच राहिला तर लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट त्यात मुरून त्याचे कीटण बनते, जे मग कोणत्याच ब्रशने निघत नाही. या खाचेत शिरायचे तर केस बारीकही हवा आणि वाकणाराही हवा.

येथे यंत्रशास्त्राचा एक सुंदर नियम कामाला येतो. गोल तंतूचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो, म्हणून केसाची जाडी दुप्पट केली की तो सोळापट ताठ होतो. दुप्पट जाडीचे केस त्याच छिद्रात एकचतुर्थांशच मावतात, हे लक्षात घेतले तरी संपूर्ण झुपका चौपट कडक ठरतो, आणि तोच दाब आता कमी टोकांवर पडतो. लांबीचा परिणामही मोठा आहे: केस निम्मा आखूड केला तर तो आठपट ताठ होतो. पाकिटावर छापलेल्या ‘सॉफ्ट’ आणि ‘हार्ड’ या शब्दांत मिलिमीटरच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शाचाच काय तो फरक असतो, पण हिरडीला तो लगेच जाणवतो.

टोकांची गोष्ट भिंगाखाली स्पष्ट दिसते. नव्या ब्रशचा एक झुपका दहापट भिंगाखाली उजेडात धरून पाहावा. चांगल्या ब्रशच्या केसांची टोके बोटाच्या पेरासारखी गोल दिसतात. हलक्या ब्रशमध्ये काही टोके तिरकी कापलेली, काही चपटी, तर काहींना धारदार कंगोरे राहिलेले असतात. साध्या आणि निकृष्ट ब्रशांतला फरक तो हाच, आणि किमतीवरून तो कळतोच असे नाही.

नायलॉन येण्यापूर्वी ब्रशला रानडुकराचे केस लावत. ते आतून पोकळ, पाणी धरून ठेवणारे आणि टोकाला फाटणारे असत. ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३५ मध्ये नायलॉन तयार झाले आणि १९३८ मध्ये नायलॉनच्या केसांचा ब्रश अमेरिकेत विक्रीला आला. हवी ती जाडी नेमकी राखता येऊ लागली ती या कृत्रिम धाग्यामुळेच.

विजेवर चालणाऱ्या ब्रशची बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात, तीन महिन्यांहून अधिक काळाच्या वापरात, हाताच्या ब्रशच्या तुलनेत विजेच्या ब्रशने प्लाक सुमारे २१ टक्के आणि हिरड्यांची सूज सुमारे ११ टक्के कमी आढळली. ज्यांच्या बोटांत संधिवात आहे किंवा हात थरथरतो, त्यांनी तो जरूर घ्यावा. इतरांना हातातला ब्रश नीट चालवता आला, तर दात स्वच्छ राखायला तो पुरेसा आहे.

नीट म्हणजे कसा, तेही बास यांनी सांगितले. केस हिरडीच्या कडेशी साधारण ४५ अंशांत टेकवावेत, टोके खाचेत हलकेच शिरू द्यावीत आणि ब्रश जागच्या जागी थोडा थोडा मागेपुढे हलवावा. करवत ओढल्यासारखे आडवे घासण्याने मात्र हिरडी मागे सरते आणि उघड्या पडलेल्या मुळाचा मऊ भाग झिजतो. त्यावर राखुंडीसारखे खरखरीत काही असेल तर झीज अधिकच वेगाने होते. आपल्याकडे अजून काही घरांत असलेली मिश्री तर तंबाखूच आहे, ती कोणत्याही ब्रशबरोबर दातांना लावू नये.

वापरानंतर ब्रश धुऊन, झटकून, उभा आणि उघडा ठेवावा. टोपण लावल्यास ओल टिकते. तीन-चार महिन्यांत तो बदलावा, आणि केस त्याआधीच बाहेरच्या बाजूला फिसकारले असतील तर हाताचा दाब कमी करावा. लहान डोक्याच्या ब्रशची परीक्षा खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला होते: तेथे लाळग्रंथींची तोंडे जवळ असल्याने कीटण लवकर चढते, आणि ब्रश उभा धरून त्याचे टोक तेथे आरामात पोहोचले, तर आकार योग्य निवडला गेला आहे.