केप टाऊनचे बबून : वाद इथवर कसा आला

केप टाऊनच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत घराबाहेर पडताना स्वयंपाकघराची खिडकी कोणी उघडी ठेवत नाही. पाव, फळं, कुत्र्याचं खाणं, कचऱ्याच्या डब्यातली शिळीपाकी हाडकं, यांतलं काहीही घेऊन पसार व्हायला बबूनला, म्हणजे इथल्या धिप्पाड माकडाला, काही मिनिटं पुरतात. त्यांचं काय करायचं, यावरून तिथे तीन दशकांहून जास्त काळ भांडण चालू आहे. बातम्यांत ते ‘वैतागलेले रहिवासी विरुद्ध प्राणिमित्र’ असं रंगवलं जातं. खरं पाहता ते जमिनीचं भांडण आहे, आणि त्याची सुरुवात आजच्या रहिवाशांच्या पणजोबांच्याही आधी झाली.

शहराच्या दक्षिणेला टेबल माउंटनपासून केप पॉइंटपर्यंत सुमारे 50 किलोमीटर लांबीचा डोंगराळ द्वीपकल्प समुद्रात शिरला आहे. तिथले बबून चकमा जातीचे. ही जात आफ्रिकेच्या दक्षिण भागात सर्वत्र आढळते आणि जागतिक पातळीवर तिला धोका नाही. मात्र द्वीपकल्पातल्या टोळ्या एकट्या पडल्या आहेत. मुख्य भूमीकडे जाणारी वाट ‘केप फ्लॅट्स’ या सखल वाळूच्या पट्ट्यातून जायची. विसाव्या शतकात तो पट्टा घरं, कारखाने आणि हमरस्त्यांनी भरून गेला. बबूनांत माद्या जन्मभर आपल्या टोळीत राहतात, नर मात्र वयात आले की दुसरी टोळी शोधायला निघतात. इथल्या नराला दूर जायला वाट उरलेली नाही. शेजारची टोळी गाठायची तरी बहुतेकदा एखादी वसाहत आडवी येते.

दुसरी अडचण जमिनीच्या कसाची. डोंगरावर ‘फेनबॉस’ नावाची झुडपं आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या दृष्टीने तो खजिना, कारण इतक्या लहान जागेत इतक्या जातींची विविधता जगात क्वचितच सापडते. पण खालची माती निकस आणि खाणं विरळ. केप टाऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी टोळ्यांचा माग काढला तेव्हा दिसलं की बबूनांना आवडते ती कमी उंचीची, सौम्य उताराची, पाण्याजवळची जमीन. माणसाला घर बांधायला हवी असते तीही तशीच. 1652 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने इथे ठाणं वसवलं तेव्हापासून शेतं, द्राक्षमळे, नौदलाचा तळ आणि पुढे बंगले त्याच जमिनीवर उभे राहत गेले. ‘बबून शहरात घुसतात’ ही तक्रार म्हणूनच मला अर्धीच खरी वाटते. टेबल माउंटनच्या शहराकडच्या उतारांवर तर आज बबून उरलेलेच नाहीत.

वसाहतीच्या काळात बबून म्हणजे उपद्रवी जनावर, हे गृहीतच होतं. शेतकरी ते दिसतील तिथे मारत. त्यांना खाणारे मोठे प्राणीही त्याच बंदुकांनी संपवले: सिंह एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच, नंतर बिबटे. 1939 मध्ये केप पॉइंटजवळ राखीव क्षेत्र झालं तेव्हा निदान एका कोपऱ्यात तरी या टोळ्यांना थारा मिळाला. ओहोटीच्या वेळी खडकांवर उतरून कालवं-शिंपले खाणारे बबून, ही तिथली खासियत.

1990 च्या सुमारास कॉमकी या किनारी गावाजवळची टोळी अधिकाऱ्यांनी मारून टाकली आणि लोक चिडले. संख्या किती, टोळ्या किती, हे आधी मोजा, अशी मागणी पुढे आली. दशकाच्या अखेरीस मोजणी झाली तेव्हा द्वीपकल्पात 350 च्या आसपास बबून भरले. त्याच सुमारास त्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं आणि परवान्याशिवाय मारणं गुन्हा ठरला. 1998 मध्ये डोंगरातला मोठा भाग राष्ट्रीय उद्यानात आला. (आज त्याचं नाव टेबल माउंटन राष्ट्रीय उद्यान.)

संरक्षण मिळालं, पण जबाबदारी कोणाची हे ठरलं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्याने रानटी जनावर कोणाच्याच मालकीचं नसतं. बबून उद्यानात असेल तर राष्ट्रीय उद्यानांची संस्था ‘सॅनपार्क्स’, मारण्या-हलवण्याच्या परवान्यासाठी प्रांताची ‘केपनेचर’ आणि गल्लीत शिरला की महापालिका. सकाळी कड्यावरून उतरून दुपारी कचरापेटीपाशी आणि संध्याकाळी परत कड्यावर, असा दिनक्रम असलेल्या टोळीसाठी ही वाटणी हास्यास्पदच म्हणायची. तिन्ही खात्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांकडे बोट दाखवलं.

मधल्या पोकळीत स्थानिक लोकांनीच एक उपाय काढला: राखणदार. जवळच्या गरीब वस्त्यांतल्या बेरोजगारांना कामावर घेऊन टोळीमागे दिवसभर फिरवायचं आणि ती घरांकडे वळली की ओरडून, हाकारे देऊन मागे रेटायची. आपल्याकडे भाताच्या खाचरावर राखण असते तसाच प्रकार, फक्त इथे राखायचे ते बंगले. वर्णभेदी राजवटीने ज्यांना समुद्राकाठच्या गावांतून उठवलं, त्यांच्यासारख्याच लोकांच्या वस्त्यांतून हे मजूर यायचे, हा विरोधाभास कुणाच्या नजरेतून सुटला नसणार.

काम वाढलं तसं महापालिकेने ते कंत्राटावर दिलं. 2012 पासून राखणदारांच्या हातात रंगाच्या गोळ्या झाडणाऱ्या पेंटबॉलच्या बंदुका आल्या. टोळ्या दिवसाचा बहुतेक वेळ वस्तीबाहेर राहू लागल्या आणि आकडे छान दिसू लागले. प्राणिमित्रांना मात्र ती क्रूरता वाटली. त्याहून मोठा वाद होता नियमावलीचा. घरात वारंवार घुसणाऱ्या, न बधणाऱ्या नराची नोंद ठेवायची आणि शेवटी त्याला इंजेक्शन देऊन मारायचं, असं त्यात होतं. फ्रेड नावाचा नर पर्यटकांच्या मोटारींची दारं उघडून खाणं पळवण्यात तरबेज झाला होता. त्याला 2011 मध्ये मारलं. गाडीच्या काचेतून त्याच्यासारख्यांना बिस्किटं भरवून फोटो काढणारे कोण होते, हे कोणी विचारलं नाही.

मोठे नर वेचून काढण्याचे परिणाम टोळीलाही भोगावे लागतात. टोळीचा हुप्या गेला की बाहेरचा नर येतो, आणि चकमा बबूनांत नवा हुप्या आधीची पिल्लं मारतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

कॉन्स्टॅन्शिया या उपनगरातल्या द्राक्षमळ्यांची गोष्ट निराळी. 2018 मध्ये उघड झालं की काही मळ्यांना बबून मारण्याचे रीतसर परवाने मिळाले होते आणि ते वापरलेही गेले होते. नामांकित वाइनच्या बाटलीमागे हे असल्याचं कळल्यावर ग्राहक खवळले. कोकणातल्या आंबा-नारळाच्या बागायतदाराला यात मळेवाल्याची बाजू चटकन समजेल. माकडं-वानरांनी हातातोंडाशी आलेलं पीक नासवलं की काय वाटतं, हे त्याला वेगळं सांगायला नको. पण त्याच डोंगराच्या पायथ्याशी झ्वान्सवेक वसाहतीने 2013 मध्ये विजेचं कुंपण घातलं आणि टोळ्या तिथे यायच्या थांबल्या. गोळीपेक्षा तार स्वस्त पडली असती की नाही, हा हिशेब मळ्यांनी आधीच करायला हवा होता.

2020 मध्ये कॉमकीचा कटाझा हा नर जगभर गाजला. तो माद्या फोडून स्वतःची टोळी वस्तीत नेतो, असं कारण देऊन त्याला ऑगस्टमध्ये उत्तरेकडच्या ‘टोकाय’ या उपनगरात नेऊन सोडलं. तिथल्या टोळ्यांत तो मिसळला नाही. एकटाच उपनगरांतल्या गल्ल्यांतून घरची वाट शोधत फिरला. मोर्चे निघाले, वकील उभे राहिले, शेवटी नोव्हेंबरमध्ये त्याला परत आणलं. पुढच्या वर्षी त्याला कायमचं लिम्पोपो प्रांतातल्या पुनर्वसन केंद्रात पाठवलं. कटाझाने केलं ते कुठलाही तरुण नर करतोच. पण त्याच्या वाटेत शहर होतं.

या प्रकरणानंतर तिन्ही खात्यांची संयुक्त समिती झाली आणि 2023 मध्ये एकत्रित आराखडा आला. कुंपणं, कुलूपबंद कचरापेट्या, खाणं घालणाऱ्यांना दंड असं सगळं त्यात आहे. तो अमलात आणा म्हणून प्राणिमित्र उच्च न्यायालयात गेले. दरम्यान राखणदारांचा खर्च आपण किती काळ सोसायचा, असं महापालिका विचारू लागली. संख्या आता 500 च्या वर गेली आहे. टोळ्या मोठ्या झाल्या की फुटतात, आणि सायमन्स टाऊन या नौदलाच्या गावात फुटून निघालेल्या लहान टोळ्या डोंगरावर जातच नाहीत, छपरांवर आणि कचऱ्यावरच दिवस काढतात. त्यांना पकडून बंदिस्त जागेत ठेवायचं, मारायचं की गावालाच कुंपण घालायचं, हा सध्याचा वाद आहे. कुंपण बहुतेकांना पटतं. पण चढ-उताराच्या, नौदलाच्या आणि खासगी मालकीच्या जमिनींतून ते न्यायचं कसं, आणि त्याची तार दरवर्षी कोणी तपासायची, यावर प्रत्येक बैठक अडते.