अणूंचा अँटेना: मोजपट्टी शोधताना सापडलेला रेडिओ

काचेच्या छोट्याशा कुपीत रुबिडियम या मऊ धातूची वाफ, तिच्यातून जाणारे दोन लेसर. धातूची एकही तार नाही, तरी रेडिओ लागतो. 'अणूंचा अँटेना' म्हणून हल्ली चर्चेत असलेल्या या तंत्राची मुळं वर्णपटशास्त्रात, म्हणजे पदार्थांच्या प्रकाशातल्या रंगांच्या अभ्यासात, आहेत.

१८८८च्या सुमारास जर्मनीत हाइन्रिश हर्ट्झ धातूच्या कड्याच्या फटीत उडणाऱ्या ठिणग्यांवरून रेडिओलहरींचा माग काढत होते. त्याच वर्षी स्वीडनच्या लुंड विद्यापीठात योहानेस रिडबर्ग यांनी मूलद्रव्यांच्या वर्णरेषा (त्यांच्या प्रकाशात दिसणाऱ्या ठरावीक रंगांच्या रेघा) एका सूत्रात बसवल्या. हे दोन धागे जुळायला सव्वाशे वर्षं लागली.

अणूला पुरेशी ऊर्जा दिली की त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून खूप दूर जातो. अशा 'रिडबर्ग अणू'त केंद्राची पकड इतकी ढिली असते की क्षीण विद्युतक्षेत्राचाही त्यावर परिणाम होतो. अवकाशातल्या वायुमेघांत असे अणू आपणहून तयार होतात आणि रेडिओलहरी बाहेर टाकतात. १९६०च्या दशकापासून रेडिओ-दुर्बिणी त्या टिपत आल्या आहेत. प्रयोगशाळेत मात्र अशा अणूने काय टिपलं हे वाचायची सोपी सोय नव्हती.

ती लेसरने करून दिली. एका लेसरच्या प्रभावाखाली वायू दुसऱ्या लेसरला पारदर्शक होतो, हे स्टॅनफर्डच्या स्टीफन हॅरिस यांच्या गटाने १९९०च्या आसपास दाखवलं. २००७मध्ये इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठात, खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या वाफेत, रिडबर्ग अणू याच युक्तीने पाहता आले. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अशोक महापात्र पुढे भुवनेश्वरच्या 'नायसर' या विज्ञान संस्थेत आले. भारतात या घडामोडीची फारशी दखल घेतली गेली नाही, याची खंत वाटते.

खरी कलाटणी २०१२ची. ओक्लाहोमा आणि श्टुटगार्टच्या संशोधकांनी याच वाफेवर मायक्रोवेव्ह, म्हणजे आखूड तरंगलांबीच्या रेडिओलहरी, सोडले. ७८० नॅनोमीटरचा लाल आणि ४८० नॅनोमीटरचा निळा लेसर जुळला की लाल प्रकाश आरपार जातो आणि आलेखावर एक शिखर उमटतं. रेडिओलहर आली की त्या शिखराची दोन होतात आणि त्यांच्यातल्या अंतरावरून लहरीची ताकद कळते.

अमेरिकेच्या 'निस्ट' या मोजमाप संस्थेला हेच हवं होतं. विद्युतक्षेत्र मोजायला प्रमाणित अँटेना लागतो आणि अँटेना प्रमाणित करायला आधीच मोजलेलं क्षेत्र लागतं: आधी कोंबडी की आधी अंडं! अणूने हा पेच सोडवला, कारण इथलं मोजमाप प्लँकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या संख्येवर, आणि अणूच्या अंगभूत गुणधर्मांवर टेकलेलं असतं. प्रत्येक रुबिडियम अणू सारखाच, त्यामुळे उपकरण वेगळं प्रमाणित करावं लागत नाही.

मोजपट्टी हाती आल्यावर ऐकण्याची पायरी जवळच होती. क्रिस्टोफर हॉलोवे यांच्या निस्टमधल्या गटाने २०१९मध्ये अणूंच्या मदतीने गिटारचं वादन ध्वनिमुद्रित केलं आणि २०२२मध्ये रंगीत व्हिडिओ पकडला. चीनच्या शान्शी विद्यापीठाने २०२०मध्ये जुन्या सुपरहेटरोडाइन रेडिओचं तत्त्व (आलेल्या लहरीत दुसरी ओळखीची लहर मिसळायची) अणूंना लावून संवेदनशीलता कितीतरी वाढवली. अमेरिकी लष्कराला यात विशेष रस आहे, कारण कुपीचा आकार तरंगलांबीशी बांधलेला नसतो आणि एकच कुपी फार मोठ्या पट्ट्यातल्या लहरी टिपू शकते. अडचण लेसरची आहे: कुपी बोटभर असली, तरी तिला लागणारे लेसर, त्यांना अचूक वारंवारतेवर धरून ठेवणारी यंत्रणा आणि वीजपुरवठा अजून पेटीभर जागा घेतात.