तगरचं तेर कसं झालं?

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर आहे. वारकऱ्यांसाठी ते गोरोबाकाकांचं गाव. पण या दोन अक्षरी नावात दोन हजार वर्षांपूर्वीची एक बाजारपेठ दडली आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात दख्खनच्या दोन मोठ्या पेठा येतात: पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं तगर. तगरचं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई. पैठण तर सगळ्यांना माहीत होतं. तगर मात्र कुणी देवगिरीला शोधलं, कुणी जुन्नरला, कुणी धारूरला. १९०१ मध्ये शिलालेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी तेरकडे बोट दाखवलं.

आता नावाचं गणित पाहू. प्राकृतात दोन स्वरांमध्ये सापडलेला ग किंवा द टिकत नसे. तो गळायचा, त्या जागी हलका य यायचा आणि पुढे 'अय'चा ए व्हायचा. 'कदली'चं 'कयली' आणि मग आपली केळ झाली ती अशी. याच वाटेने तगर, तयर, तेर. 'धारूर' या वाटेवर बसत नाही, कारण सुरुवातीच्या त-चा ध होण्याचं काही कारण नाही. स्थलनामांच्या अभ्यासात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. नुसतं कानाला सारखं वाटून भागत नाही. झालेला बदल त्या भाषेतल्या इतर शब्दांतही दिसावा लागतो.

आणि तो दिसतोच. 'नगर'चंही तसंच 'नयर' आणि मग 'नेर' झालं. अमळनेर, पिंपळनेर, जामनेर ही त्याच घरची नावं. संगमनेर म्हणजे प्रवरा-म्हाळुंगीच्या संगमावरचं नगर.

मग अहमदनगरचं 'अहमदनेर' का झालं नाही? ते वसलं पंधराव्या शतकाच्या अखेरीस. तोवर ग गळण्याचा काळ कधीच सरला होता आणि 'नगर' हा शब्द संस्कृतातून पुन्हा जसाच्या तसा मराठीत आला होता. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या नकाशावर संगमनेर आणि नगर जवळजवळ दिसतात. शब्द मुळात एकच. एक शेकडो वर्षं बोलून झिजलेला, दुसरा नव्याने घेतलेला.