यकृताला खरा धोका रक्त परत येतं तेव्हा

गोव्यातल्या बांबोळीहून एखाद्या दात्याचे अवयव बाहेर जायला निघाले की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत मिनिटं मोजलेली असतात. गोमेकॉतून, म्हणजे तिथल्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून, रुग्णवाहिका किती वाजता सुटली, जुवारी पूल कधी ओलांडला, दाबोळीहून विमान कधी उडालं. रस्ता मोकळा ठेवणाऱ्या पोलिसांचं कौतुक व्हायलाच हवं. पण अशा बातम्यांमुळे एक समज पक्का होतो : रक्त तुटलं की अवयव खराब व्हायला लागतो आणि पुन्हा रक्त मिळालं की वाचतो. यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा अर्धाच. यकृताला होणाऱ्या इजेचा फार मोठा वाटा रक्त परत सुरू झाल्यानंतरच्या मिनिटांत ठरतो. ही मिनिटं वेगवान गाडीने वाचत नाहीत, त्यासाठी पेशीच्या आत काय साचलंय ते पाहावं लागतं.

आधी प्रवासाची तयारी. दात्याला किलोमागे सुमारे 300 युनिट हेपॅरिन देऊन रक्त गोठणं थांबवतात. पोटातल्या महाधमनीत नळी बसवतात, वरच्या बाजूला क्लॅम्प लावतात आणि त्याच क्षणी थंड द्राव आत सोडतात. घड्याळ इथून सुरू होतं. रक्त बाहेर वाहून जाऊन यकृत फिकट दिसू लागतं, पोटात निर्जंतुक बर्फाचा चुरा भरलेला असतो. पित्ताशय उघडून पित्तनलिका धुतात. ही पायरी घाईत राहून गेली तर आत उरलेलं पित्त नलिकेचं अस्तर पोखरतं, कारण थंड पडलेल्या अस्तराला स्वतःचं रक्षण करता येत नाही. मग द्रावासह एकात एक तीन पिशव्या आणि बाहेरून बर्फ. हा बाहेरचा बर्फ अवयवाला थेट टेकता कामा नये. टेकला तर तिथल्या पेशी गोठून फुटतात.

द्राव म्हणजे नुसतं थंड सलाइन नव्हे. 1980च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउदर्ड यांनी तयार केलेला द्राव आजही आधार मानला जातो. थंडीत पेशीतले सोडियम-पोटॅशियम पंप थांबतात, सोडियम आत घुसतं, मागोमाग पाणी, आणि पेशी फुगते. म्हणून द्रावात लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोज असे बोजड रेणू असतात. ते पेशीत शिरत नाहीत आणि पाण्याला बाहेर धरून ठेवतात. पोटॅशियम लिटरला सुमारे 125 मिलिमोल, म्हणजे रक्तातल्यापेक्षा 25 पटींहून अधिक. हेच पुढे घातक ठरू शकतं. रोपणाच्या शेवटी यकृत अल्ब्युमिन किंवा रिंगर लॅक्टेटने धुतलं नाही, तर ते पोटॅशियम थेट रुग्णाच्या हृदयात जाऊन ठोके थांबवू शकतं.

तापमान दर 10 अंशांनी उतरलं की पेशीचा कारभार निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. 4 अंशांवर तो दहाव्या हिश्शाच्या आसपास उरतो. मंदावतो, थांबत नाही. म्हणून यकृतासाठी 12 तास ही बाहेरची मर्यादा आणि 8 तासांच्या आत काम व्हावं ही अपेक्षा. दाबोळी किंवा मोपाहून मुंबईचं उड्डाण सव्वा तासाच्या आसपास. पण अवयव काढणं, रस्ता, तिथे पोहोचल्यावर रक्तवाहिन्या नीट करणं आणि शिवणं धरलं की हिशेब लवकर भरतो.

आता मूळ गोष्ट. शाळेत शिकलेलं क्रेब्ज चक्र, म्हणजे पेशीत अन्नातून ऊर्जा काढणारी अभिक्रियांची साखळी, आठवा. तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, हे पेशीचं ऊर्जाघर. तिच्या आतल्या पडद्यावर प्रथिनांची संकुलं ओळीने बसलेली असतात. अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन संकुल 1 आणि 2 मधून कोएन्झाइम क्यू या वाहक रेणूकडे, तिथून 3, मग 4 आणि शेवटी ऑक्सिजनकडे जातात. वाटेत प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलले जातात आणि त्या दाबावर एडीपीपासून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनतो. ऑक्सिजन संपला की शेवटचं दार बंद होतं, इलेक्ट्रॉन अडतात, चक्र तुंबतं आणि सक्सिनेट नावाचा पदार्थ साचत जातो. एटीपी मोडत मोडत हायपोझँथिन नावाच्या पदार्थापर्यंत उतरतो. या अवस्थेत यकृत तासन्‌तास पडून असतं.

मग यकृत रुग्णाच्या शरीरात शिवून होतं आणि तिथला क्लॅम्प सुटतो. 37 अंशांचं, ऑक्सिजनने भरलेलं रक्त आत येतं आणि साचलेलं सक्सिनेट संकुल 2 मधून एकदम जळायला लागतं. कोएन्झाइम क्यू इलेक्ट्रॉनांनी ठासून भरतं. एडीपी उरलेला नसल्याने एटीपीचं यंत्र फिरत नाही, त्यामुळे प्रोटॉनांचा दाबही मोकळा होत नाही. पुढे जायला जागा नाही आणि मागून रेटा चालूच. तेव्हा भरतीला मानशीचं, म्हणजे बांधातल्या फाटकाचं, दार मोडलं की खाडीचं खारं पाणी खाजनात, खाडीकाठच्या सखल शेतात, उलटं घुसतं, तसे इलेक्ट्रॉन संकुल 1 मध्ये उलटे शिरतात. तिथे ते ऑक्सिजनला भलत्या जागी गाठतात आणि सुपरऑक्साइड, म्हणजे पेशीला इजा करणारं ऑक्सिजनचं रूप, तयार होतं. सक्सिनेट आणि उलट्या प्रवाहाची ही जोडी 2014 मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवली. या विषयातला इतका सुंदर आणि इतका निर्दय धागा दुसरा नाही.

पुढचं वेगाने घडतं. तंतुकणिकेच्या पडद्यात छिद्रं उघडतात, पेशी मरतात, त्यांचे तुकडे पाहून यकृतातल्या कुप्फर नावाच्या रक्षक पेशी खवळतात आणि पांढऱ्या पेशींना बोलावतात. बारीक रक्तमार्ग सुजून बंद होतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर याचं पहिलं रूप म्हणजे रुग्णाचा रक्तदाब पाच मिनिटांच्या आत घसरतो. पित्तनलिकेची इजा मात्र आठवड्यांनी, महिन्यांनी दिसते. यकृतपेशींना पोर्टल शीर (आतड्यांकडून रक्त आणणारी) आणि धमनी दोन्ही पोसतात, पित्तनलिका मुख्यतः धमनीच्याच भरवशावर असते. नलिका जागोजागी आकसल्या तर पुन्हा रोपणाची वेळ येऊ शकते.

सुपरऑक्साइडचं नाव काढलं की अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा बाजार आठवतो. गोव्यात डिसेंबर-जानेवारीच्या पार्ट्यांनंतर ‘लिव्हर डिटॉक्स’च्या बाटल्यांची जाहिरातबाजी जोरात असते. गिळलेली गोळी तंतुकणिकेतल्या त्या एका संकुलापर्यंत, त्या एका मिनिटाला, पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. यकृत धुऊन काढणारं औषध अस्तित्वात नाही. उलट काही वनस्पतिजन्य अर्कांनी यकृतच बिघडल्याच्या नोंदी आहेत. हा पैसा वाचवा.

उपाय सरळ आहे : गरम रक्त यायच्या आधीच सक्सिनेट सावकाश जाळून टाकायचं. यकृत यंत्राला जोडून सुमारे 10 अंशांचा, ऑक्सिजनने संपृक्त केलेला द्राव पोर्टल शिरेतून अगदी हलक्या दाबाने, पाऱ्याच्या 3 ते 5 मिलिमीटर इतक्याच, एक ते दोन तास फिरवतात. दाब वाढवला तर रक्तमार्गांचं नाजूक अस्तर सोलून निघतं. या तापमानाला तंतुकणिका जागी असते, पण धावत नाही. इलेक्ट्रॉन योग्य दिशेने जातात, एटीपी पुन्हा भरतो. संकुल 1 ला आधीच इजा झाली असेल तर त्यातला एफएमएन हा बी-2 जीवनसत्त्वापासून बनणारा रेणू सुटून द्रावात येतो. निळ्या प्रकाशात तो हिरवट चमकतो, म्हणून यंत्र चालू असतानाच मोजता येतो. तो वाढत गेला तर ते यकृत कुणाला बसवू नये.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या रुग्णालयाच्या नेतृत्वाखाली झालेली चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत 156 रुग्ण होते. पित्तनलिका आकसण्याचं प्रमाण यंत्राच्या गटात 6 टक्के, साध्या बर्फाच्या गटात 18 टक्के. ते दाते हृदय थांबल्यानंतरचे होते, आपल्याकडचे बहुतेक मेंदूमृत असतात. म्हणून आकडे जसेच्या तसे इथे लागू करू नयेत. रसायन मात्र दोन्हीकडे तेच आहे.

दुसरी पद्धत 37 अंशांवर रक्त फिरवण्याची. यकृत यंत्रावरच पित्त तयार करतं आणि फिरणाऱ्या रक्तात साचलेलं लॅक्टेट उतरवतं, म्हणजे बसवण्याआधी परीक्षा घेता येते. पण ती महाग आणि सतत पहाऱ्याची. पंप बंद पडला तर उबदार अवयव बर्फातल्यापेक्षा फार लवकर मरतो.

गोव्याच्या दृष्टीने थंड ऑक्सिजनची पद्धत जास्त सोयीची. अवयव नेहमीच्या बर्फाच्या पेटीत जाऊ शकतो आणि यंत्राचे एक-दोन तास रोपण करणाऱ्या रुग्णालयात देता येतात. बांबोळीला यंत्र असण्याची गरज नाही. बांबोळीला लागतं ते त्याआधीचं काम, अतिदक्षता विभागातलं. मेंदूमृत दात्यात मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचं पाणी राखणारं संप्रेरक, व्हॅसोप्रेसिन, थांबतं, लघवी लिटरांनी वाहते आणि रक्तातलं सोडियम चढतं. ते लिटरला 155 मिलिमोलच्या वर राहिलं तर यकृतपेशी त्या खारेपणाशी जुळवून घेतात आणि नव्या शरीरातल्या 140 च्या रक्तात पाणी शोषून फुगतात. म्हणून बाहेरून व्हॅसोप्रेसिन किंवा त्यासारखंच डेस्मोप्रेसिन, कमी सोडियमचे द्रव आणि दर काही तासांनी सोडियमची तपासणी. हे सगळं रुग्णवाहिका सुटण्याच्या कित्येक तास आधी सुरू व्हावं लागतं.